मर्टलची म्होरकी

२३ सप्टेंबर २०१८

येस्टिन,

पोचले. आईला फोन केला होता, तिने सांगितलं असेलच. तरी तुला वेगळं लिहितेय. फोनवर तू येत नाहीस, आणि आईच्या तोंडून निरोप गेला की तो तिचा होतो, माझा राहत नाही.

खोली बरी आहे. खिडकीतून फक्त गाड्या ठेवायची जागा दिसते. पहाटे आपोआप जाग येते, आसपास एकही गाय हंबरत नाही, आणि गोठ्यात काहीतरी बिघडलंय असं वाटून मी बूट शोधायला लागते. मग आठवतं की इथे दूध काढायचं नाहीये.

इथलं कसं आहे ते सांगते, कारण तू विचारणार नाहीस. ज्यांना शाळेत पुरेसे गुण पडले नाहीत, पण ज्यांच्याकडून काही होईल असं यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे विद्यापीठातलं पायाभरणीचं वर्ष. रसायन, जीवशास्त्र, गणित, आणि सुट्टीत परक्याच्या गोठ्यावर काम. वर्षाच्या शेवटी प्रत्येक विषयात साठ गुण पडले तर पुढची पाच वर्षं जनावरांची डॉक्टरकी. एकातही कमी पडले तर घरी. दुसरी संधी नाही.

पहिल्या दिवशी आम्हाला गोल बसवलं आणि शाळेत गुण का कमी पडले ते ज्याने त्याने सांगायचं होतं. मी म्हटलं, त्या वर्षी घरी आजारपण होतं. ते काही खोटं नाही. जीवशास्त्राच्या पेपरच्या दिवशी सकाळी आमच्या अंगणात सरकारने पाठवलेला माणूस बंदूक घेऊन आला होता, असं अनोळखी लोकांत कसं सांगायचं?

निघताना तू जे बोललास ते इथपर्यंत घेऊन आलेय. ‘बाबांचा कळप ज्यांनी नेला, त्यांच्यातच चाललीस. आता येशील तेव्हा दार वाजवून ये.’ आई म्हणते, रागात बोलला तो. मला तसं वाटत नाही. राग आला की तू गप्प बसतोस. हे तू विचार करून बोललास.

थंडी वाढली की नवीन कालवडींना पाणी जरा कोमट दे. तुला माहीतच आहे. तरी लिहिते.

हेलेद


१८ नोव्हेंबर

येस्टिन,

सगळं छान चाललंय.

हे वाक्य आईसाठी आहे, पत्रात काय आहे असं तिने विचारलं तर एवढंच सांग. खरं सांगायचं तर रसायनाच्या पहिल्या चाचणीत मला एक्केचाळीस पडले.

अभ्यास केला नाही असं नाही. तू आणि मी सगळं विज्ञान आपल्या वेल्शमध्ये शिकलो. इथे प्रश्न इंग्रजीत येतो, मी तो मनात वेल्शमध्ये आणते, उत्तर काढते, ते परत इंग्रजीत न्यायला लागते आणि तेवढ्यात शेजारची मुलं पान उलटतात. ते पान उलटल्याचं ऐकू आलं की माझं डोकं रिकामं होतं. एकदा तर आम्ल हा शब्दच आठवेना. शाळेनंतर चार वर्षं जनावरांच्या दवाखान्याच्या खिडकीशी बसून लोकांच्या कुत्र्यामांजरांची नावं लिहून घेतली, तेव्हा कधी शब्द अडला नव्हता.

आमच्या मार्गदर्शक डॉक्टर व्हिंटर यांनी बोलावलं. स्वभावाने चांगल्या आहेत, पण चष्म्यावरून बघतात तेव्हा आपण खोड्यात अडकलेलं वासरू आहोत असं वाटतं. त्या म्हणाल्या, तुला येतं की नाही हेच मला कळत नाही, कारण तुझा पेपर अर्ध्यातच थांबतो. मी हसले. बाहेर आले आणि जिन्यावर बसून राहिले. हाताच्या बोटांमध्ये लाल चट्टे उठलेत. औषधवाली म्हणाली, साबण बदला. साबणाचं काही नाही ते.

एक मैत्रीण मिळाली. केझाया, वुल्व्हरहॅम्प्टनची. तिचे आजीआजोबा जमैकाहून आलेले. रसायन तिला पाण्यासारखं येतं, पण गाय तिने पहिल्यांदा इथे पाहिली. गेल्या आठवड्यात विद्यापीठाच्या गोठ्यावर गेलो तर ही भिंतीला चिकटली. मी विचारलं काय झालं, तर म्हणते, “ती माझ्याकडे बघून विचार करतेय, हेलेद. ज्याच्या पायात एवढी ताकद आहे त्याने विचार करू नये.” मी तिला गाईच्या खांद्याशी कुठे उभं राहायचं ते दाखवते, ती मला रसायनातली समीकरणं शिकवते. तिचं माझ्याआधी शिकून होईल असं दिसतंय.

तू एक ओळ लिहिलीस तरी चालेल. शिव्या लिहिल्यास तरी.

हेलेद


४ जानेवारी

येस्टिन,

नाताळात घरी आले तेव्हा दार वाजवलं. आई हसत सुटली, तिला वाटलं मी गंमत करतेय. तू स्वयंपाकघरात होतास. खुर्ची सरकल्याचं ऐकलं, मग मागचं दार.

नाताळच्या जेवणाला तू शेजारच्या डायकडे गेलास. आई म्हणाली, त्याची गाय अडली होती. मी नंतर डायला गावात भेटले, तो म्हणाला कसली गाय, येस्टिन बसून सामना बघत होता. मी आईला काही बोलले नाही. तूही नको बोलूस.

मी उठायच्या आत तू रोज दूध काढून मोकळा व्हायचास. एकदा मी आधीच गोठ्यात जाऊन उभी राहिले, तर तू आलास, मला पाहिलंस, आणि ज्या बाजूला मी होते ती रांग मला सोडून दुसऱ्या रांगेला लागलास. आपण पूर्ण गोठा तसाच केला, एकमेकांकडे पाठ करून. तुला कसं वाटलं माहीत नाही. पूर्ण वर्षात मला तेवढंच बरं वाटलं होतं.

तुझा कळप चांगला आहे, येस्टिन. बाबा गेल्यावर लोक म्हणत होते आपल्या ब्रिनहेलिगच्या शेतावर आता मेंढ्याच चरतील. गायींची अंगं चकाकतायत. हे तुला तोंडावर सांगायचं होतं.

फेब्रुवारीत पुन्हा चाचणी आहे. रात्रीची झोप गेली आहे, पण ते सगळ्यांचंच.

हेलेद


९ एप्रिल

येस्टिन,

सुट्टीतल्या कामासाठी डर्बीशरमध्ये आहे. क्लेमेंट रॅग नावाचे म्हातारे गृहस्थ, बायको गेलेली, मुलगा कॅनडात. गायी आपल्यापेक्षा थोड्या जास्त, मुरघास उत्तम. मला ‘वेल्श सरकार’ म्हणून हाक मारतात. पहिल्या दिवशी म्हणाले, “दूध काढता येतं का, की नुसतं पुस्तकात बघितलंय?” मी काढून दाखवलं. मग दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः उशिरा उठायला लागले.

फेब्रुवारीच्या चाचणीत छप्पन्न पडले. वर चाललेय.

इथे गायींच्या क्षयाची तपासणी होती. झाली.

हवा कोरडी आहे. आईला सांग, लोकरी मोजे पुरले.

हेलेद


२ मे

येस्टिन,

मागच्या पत्रात मी दोन शब्दांत तपासणी उरकली. त्यानंतर अभ्यासाला बसले की पुस्तकात तेच दिसतं. परीक्षा महिन्यावर आलीय. कुणाला तरी सांगितल्याशिवाय हे पुढे सरकणार नाही, आणि सांगण्यासारखा माणूस तूच आहेस. वाचायचं नसेल तर इथेच थांब.

तपासायला बेगोन्या नावाची डॉक्टर आली. स्पेनची, माझ्याहून फार मोठी नसेल. आपल्याकडे जसं करतात तसंच. मानेवर दोन ठिकाणी सुई, तीन दिवसांनी येऊन गाठ मोजायची. मी गायी खोड्यात घालत होते आणि ती आकडे सांगेल ते लिहून घेत होते. शेवटच्या रांगेपर्यंत सगळं नीट गेलं. मग मर्टल आली. ठिपक्याठिपक्यांची, रॅगना फार लाडकी, दिवस भरलेली. आठ-दहा दिवसांत विणार होती. तिची खालची गाठ मला लांबूनच दिसली. तुलाही दिसली असती.

रॅग म्हणाले, पुन्हा मोज. तिने पुन्हा मोजलं. ते म्हणाले, हात गार असतील तुझे, आणखी एकदा. तिने हात चोळून पुन्हा मोजलं. आकडा तोच. मग ते म्हणाले, “निदान विऊ दे तिला.” आणि बेगोन्या म्हणाली की ते तिच्या हातात नाही, क्षय निघालेली गाय नियमाने लगेच मारावी लागते. एवढी भरलेली गाय गाडीत घालता येत नाही, म्हणून अंगणातच गोळी घालावी लागेल.

हे सगळं तुला पाठ आहे. तरी मी लिहितेय, कारण माझ्यासमोर ते पहिल्यांदा घडलं.

आपल्याकडे आलेला डॉक्टर आकडा सांगून गाडीत बसला, हे तू कितीदा बोललायस. मी तिची वाट बघत होते, की ही कधी गाडीत बसते. ती बसली नाही. तिने बूट धुतले, रॅगच्या स्वयंपाकघरात गेली आणि ते जे काही बोलले ते ऐकून घेतलं. बरंच वाईट बोलले. परत जा आपल्या देशात, असंही बोलले. संध्याकाळी मला म्हणाले, मी असं बोलायला नको होतं, पण त्यांनी ते तिला सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात बंदूकवाला यायचा होता त्या दिवशी बेगोन्या परत आली. तिचं काही काम नव्हतं तिथे. मी विचारलं, तुम्हाला यावं लागतं का? म्हणाली, “नाही. पण बातमी मी दिली होती.”

म्होरकी रॅग धरणार होते. त्यांनी ती तिच्या तोंडावर घातलीही, नीट, कानामागून. मग त्यांचे हात हलायला लागले. मर्टल शांत उभी होती, ते थरथरत होते म्हणून तीही डोकं उडवायला लागली. बंदूकवाला म्हणाला, असं चालणार नाही, गोळी चुकेल. रॅग माझ्याकडे बघून म्हणाले, “माझ्यानं नाही व्हायचं गं.” त्या क्षणी ‘वेल्श सरकार’ वगैरे काही नाही. बेगोन्या मध्ये पडली, ही विद्यार्थिनी आहे, हिला सांगू नका.

मी दावं घेतलं, येस्टिन. सुटू नये म्हणून मनगटाला गुंडाळलं. तिच्या कपाळावर खाजवलं, ती माझी बाही चाटायला लागली. मी तिच्याशी वेल्शमध्ये बोलले. का ते माहीत नाही, तोंडातून तेच आलं. मग आवाज झाला आणि ती माझ्या पायाशी होती. दाव्याचा वळ आठवडाभर मनगटावर होता. बाही खाली ओढून ठेवायचे.

मर्टल लगेच गेली. पोटातलं वासरू गेलं नाही. कुशीवर आतून पाय उमटत होते. बेगोन्या गुडघ्यावर बसली आणि तिथे तळहात ठेवला, आणि हलणं थांबेपर्यंत उचलला नाही. बराच वेळ लागला. रॅग मग म्हणाले, चहा ठेवतो, आणि आत गेले. मी गेले तर ते ओट्यासमोर नुसते उभे होते, किटली समोरच होती आणि त्यांना ती सापडत नव्हती.

आपल्याकडे हे झालं तेव्हा मी परीक्षेच्या हॉलमध्ये पेशीची आकृती काढत होते. घरी आले तर अंगण धुतलेलं होतं, बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले आणि तू एका हाताने मुरघास भरत होतास. नंतरच्या हिवाळ्यात बाबा गेले, आणि त्या दिवसाबद्दल घरात कुणी कधी बोललंच नाही. बाकीचा कळप गाडीतून नेला, पण आपली मुयार गाय तेव्हा अशीच भरलेली होती. तिची म्होरकी बाबांनी धरली की तू, हे मी कधी विचारलं नाही. तू बावीस वर्षांचा होतास. आता विचारतेय.

आणि एक सांगते, मग थांबते. डॉक्टर झाले तर मलाही कुणाच्या तरी अंगणात उभं राहून आकडा सांगावा लागेल. सगळ्यांना वाटतंय मी घाबरलेय, मला जमणार नाही म्हणून. मला भीती आहे ती जमेल याची. दावं धरताना माझा हात हलला नाही, येस्टिन. जराही नाही. मी कशी माणूस आहे, याचा विचार करत बसते आणि पुस्तकाचं पान तसंच राहतं.

हेलेद


११ जून

येस्टिन,

परीक्षा संपल्या.

आईला विचारलं, पत्र मिळालं का त्याला. म्हणाली, मिळालं, वरच्या शेतावर घेऊन गेला आणि त्या दिवशी जेवायला उशिरा आला. रोज टपालपेटी बघत होते. आता बघत नाही. म्हणजे बघते, पण जाता जाता.

रसायनाच्या पेपरला पहिला प्रश्न वाचला आणि एकही शब्द कळेना. इंग्रजी नाही, वेल्शही नाही. हात वर केला, बाहेर जाऊन ओकले. देखरेखीच्या बाई म्हणाल्या, घरी जायचं असेल तर सांग, तसं लिहून देते. मला जायचं होतं, खरंच. भिंतीला टेकून उभी राहिले आणि काय आठवलं असेल? रॅगच्या ओट्यासमोरची ती किटली. समोर असून न दिसणारी. तोंड धुतलं आणि आत जाऊन शेवटच्या प्रश्नापासून उलटी सुरुवात केली. किती झालं, कसं झालं, विचारू नकोस.

बाहेर केझाया उभी होती. माझं तोंड बघून म्हणाली, “मी काही विचारत नाही. चल, चिप्स खाऊ.” खाताना सांगितलं तिने, की सुट्टीत तिने एकटीने गाईला सलाइन लावलं. गाय विचार करत होती, पण तिने करू दिला.

निकाल सहा जुलैला. नापास झाले तर दवाखान्याच्या खिडकीशी माझी जागा अजून मोकळी आहे, त्यांनी स्वतः कळवलं. चांगली माणसं आहेत. त्यांचं पत्र मी अर्धंच वाचून खणात टाकलं, तेव्हा कळलं की मला काय हवंय.

हेलेद


६ जुलै

येस्टिन,

रसायनात त्रेसष्ट. बाकीच्यांत त्याहून बरे. केझायाही पास. डॉक्टर व्हिंटर पहिल्यांदाच चष्मा काढून बघत होत्या, डोळे बारीक दिसतात त्यांचे.

सप्टेंबरपासून पहिलं वर्ष. मी जाणार आहे. तू बोललास तरी आणि नाही बोललास तरी. हे मी रागाने लिहीत नाहीये. इतके महिने मी प्रत्येक पत्र तुझी परवानगी मागत लिहीत होते, हे निकाल हातात आल्यावर कळलं. आता मागत नाही. पत्रं मात्र लिहीत राहीन, माझा भाऊ आहेस म्हणून.

शनिवारी बेगोन्याला फोन केला. म्हणाली, अभिनंदन, आणि मग म्हणाली, रॅगकडे नवीन तपासणी झाली, सगळ्या गायी त्यातून सुटल्या. ती निघाली तेव्हा त्यांनी तिच्या गाडीत न सांगता अंडी ठेवली होती. ती फुटली, आणि गाडीला अजून वास येतोय.

हेलेद


१७ जुलै
ब्रिनहेलिग

हेलेद,

मला लिहिता येत नाही ते तुला माहीत आहे. हसू नकोस. मे महिन्यापासून तीनदा सुरू केलं. मग गवत कापायला आलं.

आईने निकाल सांगितला. तिने गावात सगळ्यांना सांगितला आहे, डायला दोनदा.

तू विचारलंस त्याचं उत्तर. म्होरकी मी धरली. बाबा म्हणाले होते ते धरतील. ते मागच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. मी त्यांना म्हटलं आत जा. ते गेले नाहीत. त्यांनी सगळं बघितलं. वासराचंही. मला वाटतं नुसतं बघत उभं राहण्यापेक्षा त्यांनी धरली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. मी त्यांच्याऐवजी दावं घेतलं ते चुकलं की काय, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आईला हे सांगितलेलं नाही. तू सांगू नकोस.

माझाही हात हलला नव्हता. जनावर घाबरू नये म्हणून तो हलत नाही. बाकी काही नसतं त्यात. तू काही वेगळी माणूस नाहीस.

तू त्या दिवशी घरी नव्हतीस याचा मला कधी राग नव्हता. नव्हतीस ते बरंच होतं. एकजण तरी ते न बघता राहिली असं वाटायचं. आणि तू आपल्या पायांनी तिथेच जायला निघालीस. मला तुला अडवता येईना. म्हणून तसं बोललो.

त्या स्पेनच्या बाईने हात ठेवला ते चांगलं केलं. आपल्याकडे कुणी ठेवला नाही. मलाही सुचलं नाही.

एक गोष्ट सांगायची आहे, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. तू दावं मनगटाला गुंडाळलंस असं लिहिलं आहेस. तसं परत करू नकोस. जनावर कोसळतं तेव्हा सगळा भार हातावर येतो आणि गुंडाळलेलं सुटत नाही. माझा खांदा तेव्हा निखळला होता, डायने बसवला, अजून थंडीत दुखतो. पुढच्या वेळी नुसतं मुठीत धर. शेवटपर्यंत घट्ट धर. आणि ती पडायला लागली की सोडून दे.

येस्टिन